रिपोर्ट नॉर्मल, मग कळ कसली?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागे आम्लपित्तावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी आम्लपित्ताची नव्हतीच. खानापूर, निपाणी, संकेश्वर, वडगाव, चिकोडी, सगळीकडून एकच गाऱ्हाणं : पोट दुखतं, वर्षानुवर्षं दुखतं, तपासण्या सगळ्या झाल्या आणि सापडलं काहीच नाही. शहापुरातल्या माझ्या दवाखान्यातही हे रोज कानावर येतं. म्हणून या खेपेला सगळी जागा याच दुखण्याला दिली आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, नंदगडजवळच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांपासून ओटीपोटात कळा येऊलाल्यात. कधी मुरडा होऊन दोन-तीनदा जावं लागतं, कधी चार-चार दिवस होतच नाही. संडासला होऊन गेलं की जरा बरं वाटतं. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, रक्त, लघवी सगळं झालं. आधी बेळगावात दाखवलं, मग मिरजेला. सगळीकडं “नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका” म्हणतात. मीटिंगला खानापूरला किंवा बेळगावला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासूनच पोटात सुरू होतं. सासूबाई म्हणतात, काम चुकवायला नाटक करते. हे खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत काय?

उत्तर : ताई, नाटक नाही आणि मनाचे खेळही नाहीत. तुमची कळ खरी आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखत नाही, असा अर्थ कुणी काढत असेल तर तो चूक आहे, मग काढणारा घरातला असो की पांढऱ्या कोटातला.

दुर्बीण आतड्याचं अस्तर बघते : जखम आहे का, सूज आहे का, गाठ आहे का. सोनोग्राफीत अवयवांचा आकार आणि खडे दिसतात. आतड्यातले मज्जातंतू किती हळवे झालेत, हे यातलं कुठलंच यंत्र दाखवत नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये रिची नावाच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा सरकवला आणि त्यात ६० मिलिलिटर हवा भरली. निरोगी माणसांपैकी शेकडा ६ जणांना दुखलं. तुमच्यासारखा त्रास असलेल्यांपैकी शेकडा ५५ जणांना दुखलं. फुगा तोच आणि हवाही तेवढीच. हा फरक कुठून येतो, याचा शोध पुढं आतड्यातून वर वर जात मेंदूपर्यंत पोचला.

आतड्यातली खबर दोन वाटांनी वर जाते. एक पाठीच्या कण्यातून, दुसरी व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूतून. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो, त्याहून कितीतरी जास्त पोट मेंदूला सांगत असतं. आतड्याला चिमटा लावून तुकडा काढला तर कळतसुद्धा नाही, पण ते ताणलं गेलं की जीव कासावीस होतो. आणि पोटातले हे तंतू विरळ असतात, कण्यात शिरताना एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नेमकं बोट ठेवून “इथं दुखतं” असं सांगता येत नाही. पेशंट म्हणतो, “सगळं पोट आवळून येतं.” समोरच्याला वाटतं, याला धड सांगता येत नाही.

ही खबर मेंदूत एका ठरावीक खोलीत जाऊन बसत नाही. मेंदूचे एकमेकांपासून लांब असलेले भाग गट करून काम करतात, एका वेळी जागे होतात, एका वेळी शांत होतात. या गटांना नेटवर्क म्हणतात, आपण जाळं म्हणू. तुमच्या दुखण्याशी संबंध असलेली तीन जाळी सांगते. एकाला २००७ साली सेलियन्स नेटवर्क हे नाव मिळालं. इन्सुला नावाचा मेंदूच्या घडीत दडलेला भाग आणि मधोमध असलेल्या सिंग्युलेट नावाच्या पट्ट्याचा पुढचा भाग ही त्याची मुख्य ठाणी. शरीरातून आणि बाहेरून येणाऱ्या असंख्य खबरांतली आत्ता महत्त्वाची कुठली, हे तिथं ठरतं. दुसरं डिफॉल्ट मोड नेटवर्क. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या रेकल यांनी २००१ मध्ये ते मांडलं. हाताला काम नसताना मन स्वतःभोवती फिरतं, कालचं उगाळतं, उद्याचं रंगवतं, तेव्हा हे जाळं चालू असतं. तिसरं, एखादं काम लक्ष देऊन करताना लागतं ते.

निरोगी माणसाच्या आतड्यात दिवसभर हवा फिरते, अन्न सरकतं, आकुंचन होतं. यातली बहुतेक खबर सेलियन्स जाळं “बिनमहत्त्वाची” म्हणून सोडून देतं. तुमच्यासारख्या त्रासात तेच जाळं साध्या हालचालीवरही धोक्याचा शिक्का मारतं. घरात एकदा चोरी झाली की पुढं कितीतरी दिवस रात्री उंदीर खुडबुडला तरी माणूस दचकून उठतो. उंदीर खोटा नसतो आणि दचकणंही खोटं नसतं. तसं हे आहे. आणि एकदा शिक्का बसला की दुसरं जाळंही त्याच विषयाभोवती फिरू लागतं : काल दुखलं, उद्या मीटिंग आहे, वाटेत काय करू.

उद्याची मीटिंग आज रात्री का दुखते, याचं उत्तर २००८ सालच्या एका अभ्यासात आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी बायकांचा मेंदू फंक्शनल एमआरआयवर, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिला. आधी एक खूण दाखवायची, तिचा अर्थ : आता फुगा फुगणार, दुखणार. ही खूण दिसताच निरोगी बायकांच्या मेंदूनं इन्सुला आणि मेंदूच्या देठातल्या काही भागांचं काम आपणहून मंद केलं. मेंदूला असा ब्रेक लावता येतो. मेंदूच्या देठातून कण्याकडे खाली निरोप जातात आणि वर येणारी कळ अर्ध्या वाटेत दाबली जाते. आतड्याचा त्रास असलेल्या बायकांमध्ये हे मंदावणं दिसलं नाही. ज्यांचा ब्रेक कमी लागला, त्यांचा मेंदू पुढं खऱ्या फुग्याला जास्त जोरात उसळला. म्हणजे वाट बघण्याच्या वेळेतच कळ किती येणार, हे बरंचसं ठरत होतं. तुमची ती वेळ आदल्या रात्रीपासून सुरू होते.

खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. वाटेत बस थांबवून उतरायची सोय नाही, आणि पुरुषासारखं बाईला कुठंही आडोशाला जाता येत नाही. तुमच्या भीतीला कारण आहे, असं मी मुद्दाम लिहिते आहे. बसस्टँडवर बायकांना वापरण्याजोगं, पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह असतं तर माझ्या कितीतरी पेशंटचा प्रवासाचा धसका कमी झाला असता. पोटाच्या आजाराचं औषध म्हणून मी हे मागते.

तुमच्या पत्रातलं वर्णन इरिटेबल बाउल सिंड्रोमशी, म्हणजे आयबीएसशी, चांगलं जुळतं. पोटाच्या आजारांच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखायला हवं, दुखण्याचा संडासशी संबंध, संडासच्या वेळांतला बदल आणि तिच्या स्वरूपातला बदल या तिन्हींपैकी दोन गोष्टी तरी हव्यात, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले हवेत. निकष जुळले आणि धोक्याची खूण नसली की हे निदान ठामपणे करता येतं. “काही नाही” असं म्हणायची गरज नाही. या दुखण्याला नाव आहे. पक्कं निदान तुम्हाला हात लावून बघणारे डॉक्टर करतील.

करायचं काय? इसबगोल घ्या, थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्यात. गव्हाचा कोंडा नको. नेदरलँड्समध्ये २००९ साली दोन्हींची तुलना झाली तेव्हा इसबगोलानं आराम पडला, कोंड्यानं खास काही नाही, उलट सुरुवातीला काहींचा त्रास वाढला. मीटिंगच्या दिवशी उपाशी निघू नका, पण न्याहारी निघण्याच्या तास-दीड तास आधी उरका. खाल्ल्यावर मोठं आतडं हलतंच, ती हालचाल घरी होऊन जाऊ द्या. आदल्या रात्री अंथरुणावर पडल्यावर पोटावर हात ठेवून सावकाश श्वास, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. आणि प्रवास टाळू नका. टाळलेली प्रत्येक मीटिंग मेंदूला सांगते की धोका खराच होता. आधी दोन थांब्यांपर्यंत जा, मग खानापूरपर्यंत, दाराजवळची जागा धरून. तरी जमलं नाही तर पोटासाठीची संमोहन-चिकित्सा आणि वर्तन-विचार पद्धतीचं समुपदेशन, दोन्हींचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पहिलीचा अभ्यास मँचेस्टरमध्ये १९८४ सालीच झाला. आपल्याकडं त्यातलं शिक्षण घेतलेली माणसं कमी आहेत. जवळ धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा फोन मराठीतूनही बोलतो.

मेंदूचा एमआरआय काढायला जाऊ नका. वर सांगितलेले फरक अनेकांची सरासरी काढून दिसतात. एका माणसाच्या फोटोवरून तुझं जाळं बिघडलंय, असं सांगणारी तपासणी नाही. कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर उठून या.

आणखी एक. दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलतात, फाइल इंग्रजीत असते, दुखणं तुम्ही मराठीत सांगता आणि सोबतचा भाचा ते “पोट दुखतं” एवढ्यात आटोपतो. माझ्याकडं येणाऱ्यांना मी सांगते, घरीच कागदावर लिहून आणा : कधी दुखतं, खाण्याआधी की नंतर, संडासनं कमी होतं का, रात्री झोपेतून उठवतं का. तो कागद त्याच भाच्याकडून ओळीनं वाचून घ्या.

सासूबाईंना हा अंक वाचून दाखवा. त्यांना मी दोष देत नाही. ताप नाही, रक्त नाही, सकाळी सून पाणी भरताना दिसते आणि दुपारी आडवी पडते, तर त्यांनी काय समजावं? मावशी, तुमची सून नाटक करत नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

प्रश्न : वडगावात पॉवरलूम आहे. सूत महाग, साडीला उठाव नाही, बँकेचा हप्ता चुकला की पोट बिघडतं. दिवसात चारदा-पाचदा जावं लागतं. सगळे डॉक्टर सांगतात, टेन्शन घेऊ नका. न घेता कसं राहायचं तेवढं सांगा. (वय ४६)

उत्तर : अण्णा, तुमचा प्रश्न रास्त आहे. “टेन्शन घेऊ नका” हा उपचार नाही. हप्ता तुम्ही बोलावलेला नाही.

चिंता पोटात कशी उतरते, ते बघा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. धोका जाणवला की तिथून सीआरएफ नावाचं रसायन सुटतं. १९८१ साली वायली व्हेल यांनी ते शोधून काढलं. त्याच्या सांगण्यावरून पिट्यूटरी ग्रंथी जागी होते, ती मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींना हलवते आणि कॉर्टिसोल रक्तात येतं. हे झालं सगळ्या शरीरासाठी. पोटासाठी सीआरएफचं वेगळंच काम चालतं : जठर मंदावतं आणि मोठं आतडं वेग घेतं. म्हणून जेवण छातीशी बसतं आणि त्याच वेळी खाली धावायला लागतं. दोन उलट तक्रारी एकाच माणसाच्या तोंडी ऐकून घरचे चक्रावतात, पण दोन्ही एकाच मुळातून येतात. शिवाय आतड्याच्या भिंतीत मास्ट पेशी असतात, ॲलर्जीत काम करतात त्याच. आयबीएसच्या पेशंटमध्ये मज्जातंतूंच्या टोकाशी त्या जास्त आढळतात, असं इटलीत बोलोन्याच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. त्यांतून सुटणारी द्रव्यं तंतूंना आणखी हळवं करतात.

मनाचा पोटावर परिणाम होतो, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं त्याला दोनशे वर्षं होत आली. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदुकीची गोळी लागली आणि पोटावरचं भोक कधी बुजलंच नाही. त्याचे डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं जठर पाहिलं. तो माणूस चिडला की पचनात फरक पडतो, अशी त्यांची नोंद १८३३ च्या ग्रंथात आहे.

पण सगळं डोक्यातूनच खाली येतं, असं मात्र कुणाला म्हणू देऊ नका. ऑस्ट्रेलियात लोकांना बारा वर्षं फिरून फिरून तपासलं. काहींना आधी चिंता होती आणि मागून पोटाचा त्रास आला. काहींचं पोट आधी बिघडलं, चिंता नंतर आली. दोन्ही वाटा खऱ्या. तुमची कुठली, ते तुम्हाला आठवून सांगता येईल.

हप्त्याचं मी काही करू शकत नाही. बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागता येते, ती जरूर मागा. कागद हातात आला की पोटही थोडं सैल होतं, असं मी माग चालवणाऱ्या माणसांत पाहिलं आहे. दुसरं, झोप. ज्या रात्री झोप तुटते, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं, हे आयबीएसमध्ये मोजून पाहिलेलं आहे. रात्रपाळी आणि दिवसपाळी आठवड्यात उलटसुलट करत असाल तर आधी ते थांबवा. तंबाखू आणि चहा दोन्ही आतड्याला हुसकावतात. एकदम सुटणार नाहीत, पण उपाशीपोटी तरी नको. आणि तुमच्या गल्लीत भजन असेल तर जाऊन बसा. २००१ साली इटलीतल्या एका अभ्यासात जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला, आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. लांब सूर धरताना श्वास सोडणं लांबतं, व्हेगसचा शांत करणारा भाग कामाला लागतो. श्रद्धा असो वा नसो, एवढं होतं.

प्रश्न : वय ५८, निपाणी. चार महिन्यांपासून पोट दुखतं. भूक गेली, वजन सहा किलो उतरलं, रात्री दुखून जाग येते. ताण आहेच, मुलीचं लग्न ठरत नाही. मला आयबीएस असेल का? इसबगोल सुरू करू का?

उत्तर : काका, नाही. या अंकातलं दुसरं काहीही तुम्हाला लागू नाही. वय पन्नाशीपुढचं, दुखणं नवं, वजन उतरतंय आणि झोपेतून उठवणारी कळ. हे ताणावर ढकलायचं नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आतड्याचा कर्करोग, पोटाचा क्षयरोग, दोन्ही बघावे लागतील. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. संडासातून रक्त जाणं किंवा ती काळी होणं, ताप, रक्त कमी होणं, गिळायला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असलं तरी हेच उत्तर, आणि ते सगळ्या वाचकांना. बायकांना पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट फुगून दुखू लागलं तर बीजांडकोशाची तपासणी झाल्याशिवाय आयबीएस म्हणू नये. मुलीचं लग्न थोडं थांबेल. तुम्ही थांबू नका.

प्रश्न : मी संकेश्वरजवळ मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जाते. वय ४१. पोटाच्या कळांवर डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनची १० ची गोळी रात्री घ्यायला दिली. मेडिकलवाल्या पोरानं सगळ्यांसमोर सांगितलं, ही डिप्रेशनची गोळी आहे. मी वेडी नाही. गोळी पिशवीत तशीच आहे. आणि तिखट अजिबात सोडायचं काय?

उत्तर : वहिनी, गोळी कशासाठी दिली हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि दुकानात दहा माणसांत ते बोलायचा त्या पोराला काही अधिकार नव्हता.

अमिट्रिप्टिलिन साठच्या दशकात उदासीनतेवरचं औषध म्हणून आलं, हे खरं. पण त्या आजारात डोस याच्या कितीतरी पट लागतो. १० मिलिग्रॅममध्ये ते वेगळ्या कामासाठी वापरतात : कळ वर नेणाऱ्या आणि खाली दाबणाऱ्या मज्जामार्गांमध्ये काम करणारी रसायनं थोडी बदलायची आणि आतड्याची धाव कमी करायची. २०२३ साली इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांच्या ५५ दवाखान्यांतून आयबीएसच्या ४६३ पेशंटवर याची रीतसर चाचणी झाली. १० पासून सुरुवात, गरजेप्रमाणे ३० पर्यंत, सहा महिने. खोट्या गोळीपेक्षा खरी गोळी स्पष्टपणे सरस ठरली. यात वेडाचा काही संबंध नाही, आणि ज्यांना मनाच्या आजारासाठी औषध लागतं त्यांनाही वेडं म्हणू नये.

सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, सकाळी सुस्ती वाटेल. झोपायच्या थोडं आधी घेतली तर सुस्ती कमी. आराम पडायला काही आठवडे लागतात, तीन दिवसांत गुण नाही म्हणून टाकू नका. बद्धकोष्ठाचा त्रास असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. ही गोळी शेजारणीला देऊ नका आणि शेजारणीची घेऊ नका.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे खबर टिपणाऱ्या जागेला, चिकटतं. उष्णतेची आग कळते ती याच ग्राहीनं. ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आयबीएसच्या पेशंटच्या मोठ्या आतड्यात ही ग्राही असलेले तंतू जास्त सापडले आहेत. त्यामुळे संकेश्वरी मिरचीचा ठेचा नवऱ्याला सोसतो आणि तुम्हाला आतून जाळतो, यात तुमच्या सवयीचा दोष नाही. कायमचं सोडा असं मी म्हणणार नाही, त्या भागात राहून ते निभायचंही नाही. पाच-सहा आठवडे ठेचा बंद ठेवा, भाजीत मिरची निम्मी करा, मग बघा. त्याच काळात कांदा, लसूण आणि हरभऱ्याची डाळ कमी करून पाहता येईल. यांतली काही साखरेसारखी द्रव्यं लहान आतड्यात शोषली जात नाहीत आणि खाली जाऊन वायू करतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं यावरच आहार बसवला आहे. भात आणि ज्वारीची भाकरी माझ्या बहुतेक पेशंटना सोसते. एकेक पदार्थ परत सुरू करून पाहायचा आणि सोसेल तो ठेवायचा. सगळं कायमचं सोडून हाडं वर आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका.

प्रश्न : बेळगावात पीजीमध्ये राहून इंजिनिअरिंग करतो. मागच्या पावसाळ्यात पाण्यातून जुलाब-उलट्या झाल्या, सलाइन लावलं. जंतू गेले म्हणतात, पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. परीक्षेत तर विचारू नका.

उत्तर : असं होतं बाळ, आणि त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० सालच्या मे महिन्यात अतिवृष्टीनं जनावरांचं शेण पिण्याच्या पाण्यात उतरलं. दोन हजारांवर लोक आजारी पडले, काही दगावले. पुढं त्या गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासलं तेव्हा आजारी पडलेल्यांत आयबीएसचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं. साधारणपणे आतड्याच्या जोरदार संसर्गानंतर दहातल्या एकाला असा त्रास मागं राहतो. जंतू जातात, पण आतड्याचे तंतू हळवे राहतात, आणि ज्यांच्यावर त्या काळात मनाचाही ताण असतो त्यांच्यात हे जास्त दिसतं. तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की वॉकर्टनमध्ये आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा बऱ्याच जणांचा त्रास मावळला होता. एकदा संडासची साधी तपासणी करून घे, अमीबा वगैरे उरला नाही ना ते बघायला. प्रतिजैविकांचे कोर्स मात्र आपल्या मनानं घेऊ नकोस. परीक्षेच्या काळात रात्रभर जागून चहावर राहणं बंद, त्यानं पोट आणि पेपर दोन्ही बिघडतात.

प्रश्न : पत्नी ३७ वर्षांची. लघवीच्या पिशवीत सतत दुखतं, भरली की जास्त. रात्री चार-पाचदा उठते. दर वेळी संसर्ग म्हणून औषध देतात, पण कल्चरमध्ये (लघवीतल्या जंतूंच्या तपासणीत) काही येत नाही. आता पाठ, मांड्या, डोकंही दुखतं म्हणते. मी तिच्याशी कसं वागावं, कळत नाही. (चिकोडी)

उत्तर : तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. नवऱ्यांची अशी पत्रं क्वचितच येतात.

कल्चर वारंवार निर्दोष आणि मूत्राशय भरताना दुखणं, यावरून वेदनामय मूत्राशयाचा आजार मनात येतो. हाही पोटातल्या आतल्या अवयवाचाच दुखवा, आणि आतड्याच्या दुखण्याशी त्याचं जवळचं नातं आहे. दोन्ही एकाच व्यक्तीत असणं नेहमीचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २००८ साली ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर मोठा प्रकल्प सुरू केला, त्याचं नाव मॅप. त्यात एक गोष्ट ठळक झाली. काही पेशंटचं दुखणं मूत्राशयापुरतंच असतं, काहींचं अंगभर पसरलेलं असतं. अंगभर दुखणाऱ्यांच्या मेंदूत इन्सुला आणि शरीराच्या संवेदना-हालचाली सांभाळणाऱ्या भागांची जोडणी वेगळी दिसली. म्हणून वहिनी पाठ आणि मांड्याही दुखतात म्हणतात, ते वाढवून सांगणं नाही. त्या उपचाराला उपयोगी माहिती देत आहेत. ती डॉक्टरांना नक्की सांगा, कारण अशा वेळी नुसत्या मूत्राशयावर उपचार करून भागत नाही. व्यायाम, झोप, मज्जामार्गांवरची औषधं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, हे सगळं लागतं.

वागण्याचं सांगते. चिडचिड केली तर दुखणं वाढतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण सतत “दुखतंय का, दुखतंय का” विचारणं, हातातलं प्रत्येक काम काढून घेणं, यानंही वाढतं. दिवसभर त्यांचं लक्ष तिथंच खिळतं. बरं असतं त्या दिवशी सोबत फिरायला जा, बाजाराला जा. कळ आली की शांतपणे गरम पाण्याची पिशवी द्या आणि जवळ बसा. जवळिकीत दुखत असेल तर त्यांच्यावर सोडा, आणि हे तुम्ही स्वतः बोलून दाखवा. बायका त्या भीतीनं गप्प राहतात आणि तो ताणही त्याच स्नायूंत जाऊन बसतो.

युरॉलॉजिस्टकडं जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहून ठेवा : किती वाजता लघवीला गेल्या, मापाच्या भांड्यात किती आली, त्या वेळी किती दुखत होतं. रात्रीचंही लिहा. लघवीत रक्त दिसलं तर वही पूर्ण व्हायची वाट न बघता लगेच जा. प्रतिजैविकाची नवी चिठ्ठी कुणी लिहू लागलं तर आधीचे कल्चर रिपोर्ट पुढं ठेवून विचारा की जंतू नसताना हे कशासाठी. ही वही आणि ते रिपोर्ट सोबत असतील तर पहिल्याच भेटीत बरंच काम होईल.